पलटण, शाळा आणि घर : वडिलांच्या आयुष्याची नोंद कशी करावी

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील खेड्यांना पलटण कधी परकी वाटली नाही. भरतीला जाणारी मुले गावातून शिदोरी बांधून निघत आणि बरीचशी त्याच दिवशी उत्तर घेऊन परतत. यांपैकी ज्यांची निवड झाली, ते पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनीत आले आणि त्यांच्यातील शिकलेल्यांनी पुढे मराठी शाळेत मास्तरकी धरली. असा माणूस गेला की वर्तमानपत्रात ‘माजी सैनिक व निवृत्त शिक्षक’ एवढ्या उल्लेखाची चार ओळींची बातमी येते आणि बाकीचे आयुष्य घरातल्या एका ट्रंकेत आणि दोन-तीन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत उरते. ते तिथून कागदावर कसे आणावे, याविषयी हे लेखन आहे.

सुरुवातीलाच एक ठरवून घ्यावे. आपण नोंद करत आहोत, गौरवग्रंथ काढत नाही. थोरपणाची विशेषणे केव्हाही जोडता येतात. परंतु कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाबरोबर आणि कोणत्या कामावर ते होते, हे सांगणारे माणूस गेले की ती माहिती पुन्हा मिळत नाही. म्हणून कागदांच्या आधी माणसे गाठावीत. वडील हयात असतील तर तेच. नसतील तर आई, आत्या, त्यांच्या बरोबरीने भरती झालेले गावचे किंवा शेजारच्या गावचे पेन्शनर, आणि शाळेतले सहकारी. मराठा दिवस ४ फेब्रुवारीला असतो. त्या सुमारास माजी सैनिकांच्या गाठीभेटी होतात, तेव्हा वडिलांच्या पलटणीतला कोणी हयात आहे का याची चौकशी सहज करता येते.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘लढाईत काय झाले?’ असा प्रश्न टाकला की त्या पिढीचा माणूस ‘काय व्हायचं, ड्युटी केली’ असे म्हणून गप्प बसतो. त्याऐवजी भरतीला कोणाबरोबर गेलात, रंगरूट असताना उस्ताद, म्हणजे शिकवणारे, कोण होते, कसम परेडला, म्हणजे प्रशिक्षणानंतरच्या शपथविधीला, घरचे कोणी आले होते का, पहिल्या पगारातून घरी किती पाठवले, लंगरात काय मिळायचे, रजेवर येताना मिरजेला गाडी बदलावी लागे का, असे विचारावे. लंगरावरून सुरू झालेली गोष्ट दुपार उतरेपर्यंत बर्फातल्या चौकीपर्यंत आपोआप पोहोचते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, पण आधी सांगून. आणि एका बैठकीत तासाभरापेक्षा अधिक ताणू नये.

साल आठवत नाही, हे उत्तर पुष्कळदा मिळेल. तेव्हा साल विचारणे सोडून खुणा विचाराव्यात. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता, हा प्रश्न आमच्या भागात हमखास चालतो, कारण ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट ज्याला त्याला आठवते. बाहत्तरचा दुष्काळ, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले ते वर्ष, गोवा सुटला तो डिसेंबर, या अशाच खुणा आहेत. आईचे पंचांग तर याहून पक्के असते. ‘थोरली पोटात होती तेव्हा हे नेफात होते’ या तिच्या एका वाक्यात थोरल्या बहिणीची जन्मतारीख घातली की वडिलांच्या सेवेतील एक वर्ष जागेवर बसते. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. ते नाव १९७२ मध्ये बदलले, हे ठाऊक असले म्हणजे नकाशावर शोधाशोध होत नाही.

यानंतर ट्रंक उघडावी. पत्र्याच्या काळ्या ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. आमच्या घरच्या ट्रंकेवर हुद्द्याच्या जागी रंगाचे तीन थर आहेत. उन्हात तिरके धरले की ‘हवालदार’च्या खाली ‘नाईक’ आणि त्याच्याही खाली ‘लान्स नाईक’ ही अक्षरे उंचवट्यासारखी दिसतात, नंबर मात्र एकदाच लिहिलेला आहे. अशा वस्तूवर नव्याने रंग मारू नये आणि ती घासूनही काढू नये. आधी खिडकीशी नेऊन, बाजूने येणाऱ्या उजेडात छायाचित्र घ्यावे.

ट्रंकेतील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, हुद्दा, शिक्षण, पदके, वर्तनाचा शेरा अशा गोष्टी एकत्र मिळतात. त्याखालोखाल पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पीपीओ. जुन्या कागदांवर इलाहाबाद हे ठिकाण दिसले तर गोंधळू नये. सैनिकांच्या पेन्शनीचा हिशेब तिथूनच होतो, आणि त्या शहराचे नाव आता प्रयागराज आहे. वडील नायब सुभेदार किंवा त्यावर गेले असतील, तर त्यांचे दोन नंबर असतील : शिपाई म्हणून मिळालेला मूळ नंबर आणि बढतीनंतरचा ‘जेसी’ने (ज्युनियर कमिशन्ड) सुरू होणारा नंबर. दोन्ही उतरवून घ्यावेत. १९६५ च्या आधीच्या कागदावर ‘जमादार’ असा हुद्दा असेल, तर त्याचा अर्थ आजचा नायब सुभेदार असा घ्यावा. नातवंडांना तो शब्द वाचून भलताच समज होतो.

डिस्चार्ज बुक हरवले असल्यास रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावे. पत्रात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, भरतीचे अंदाजे वर्ष, मूळ गाव-तालुका आणि आपले त्यांच्याशी नाते लिहून, मृत्यूच्या दाखल्याची व नात्याच्या पुराव्याची प्रत जोडावी. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलेला अर्ज अनेकदा सुलभ जातो, कारण अर्जात काय राहिले आहे हे तिथला माणूस आधीच सांगतो. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी त्याचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. मागणी नेमकी करावी. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिण्यापेक्षा ‘भरतीची तारीख, सेवा केलेल्या युनिटांची नावे, बढत्यांच्या तारखा व मिळालेली पदके’ असे लिहिलेले बरे.

पदके वाचता येतात, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. बहुतेक पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव व युनिट उमटवलेले असते. भिंग घेऊन ते वाचावे, कारण त्यावरून पदक मिळाले तेव्हाचा हुद्दाही कळतो. १९६५ च्या युद्धासंबंधी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक अशी दोन पदके आहेत, त्यांतला स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांचा. १९७१ साठी पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार ही वेगवेगळी पदके असल्यामुळे वडील कोणत्या आघाडीवर होते हा घरातला जुना वाद एका फितीने मिटू शकतो. संग्राम पदक मात्र आघाडीवर नसलेल्यांनाही मिळालेले आहे. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची आडवी पट्टी असते आणि तिच्यावर जम्मू-काश्मीर, हिमालय, नेफा असे क्षेत्राचे नाव असते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक असेल, तर १९७२ च्या १५ ऑगस्टला ते सेवेत होते एवढे नक्की धरावे. आणि कृपा करून पदकांना पितांबरी लावू नये. चकाकी येते, पण कडेवरची अक्षरे झिजतात.

पत्रांचा मामला अधिक नाजूक आहे. सैनिकाच्या पत्रावर गावाचे नाव नसते, ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच पत्ता असतो. ढोबळमानाने पहिला पश्चिमेकडील आणि दुसरा पूर्वेकडील सैन्यासाठी, एवढे त्यावरून कळते. टपालाच्या शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असल्यास तो आणि तारीख दोन्ही उतरवावीत, कारण पुढेमागे पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहण्यास तेवढाच धागा पुरतो. पत्रांहूनही मला मनीऑर्डरची कुपने बोलकी वाटतात. पाठवणाऱ्याला मजकुरासाठी तिथे बोटभर जागा असे आणि त्या जागेत माणूस फक्त गरजेचे लिही : सोसायटीचा हप्ता आधी भरावा, धाकट्याला शाळेतून काढू नये, बैलाचे पुढच्या महिन्यात पाहू. वडील कोणत्या काळजीत होते हे लांबलचक पत्रापेक्षा अशा बारा कुपनांवरून अधिक चांगले समजते. ती फेकली गेली नसतील तर तारखेच्या क्रमाने लावून प्रत्येकाचा मजकूर अक्षरशः उतरवावा, शुद्धलेखन सुधारू नये.

आता आपल्या भागाची खास अडचण. एकाच गावात जन्मलेल्या, वाढलेल्या आणि निवर्तलेल्या माणसाच्या कागदांवर तीन-चार राज्यांची नावे सापडतात. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये सरकारी कागदावर बेळगावचे बेळगावी झाले. चंदगड तालुका उलट बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूर जिल्ह्यात गेला. त्याच्याही मागे गेल्यास संस्थाने आहेत. आज बेळगाव शहरातच मोडणारे शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. त्यामुळे भरतीच्या कागदावर ‘राज्य : मुंबई’ आणि पेन्शनच्या कागदावर ‘राज्य : म्हैसूर’ असे आढळले तर वडील स्थलांतरित झाले असा अर्थ काढू नये. नोंद लिहिताना कागदावर जसे आहे तसे नाव द्यावे आणि आपल्या वाक्यात गाव, तालुका स्पष्ट करावा. सीमाप्रश्नाविषयी त्यांचे मत काय होते, १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला किंवा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला ते काय करत, हे ठाऊक असल्यास तेही लिहावे. पलटणीत देशभरच्या माणसांत वावरलेल्या आणि पुढे कर्नाटक सरकारच्या पगारावर मराठी शिकवलेल्या माणसाचे या बाबतीतले मत बहुधा एकरंगी नसते, आणि ते आपल्या मताला साजेसे करून लिहिण्याचा मोह आवरावा.

जन्मतारीख १ जून असल्यास तिच्याकडे थोड्या संशयाने पाहावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकण्याची पद्धत होती आणि अर्ध्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी येतो. ‘कागदोपत्री जन्मतारीख’ असे म्हणून ती द्यावी आणि आजीच्या सांगण्यावरून ऋतू, सण किंवा भावंडांतील अंतर कळत असेल तर त्याचा उल्लेख शेजारी करावा.

शाळेच्या वर्षांकडे बहुतेक जण दोन वाक्यांत पाहतात, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. गणवेशातील वर्षे पंधरा-सतरा, शाळेतील वर्षे वीसच्या आसपास, तरीही घरातल्या भिंतीवर फोटो गणवेशातलाच असतो. शाळेने पदक दिले नाही, म्हणून ती वर्षे लहान ठरत नाहीत. येथे उपयोगी पडणारे कागद म्हणजे नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे आदेश आणि सेवा पुस्तक, ज्याला कार्यालयात ‘एस.आर.’ (सर्व्हिस रजिस्टर) म्हणतात. हे कागद प्रामुख्याने कन्नडमध्ये असतात. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी अंदाजाने अर्थ लावण्यापेक्षा वडिलांच्या एखाद्या कन्नड सहकाऱ्याला शेजारी बसवून ते वाचून घ्यावेत. कागद तर वाचून होतोच, शिवाय प्रत्येक बदलीमागची हकीकतही तो सांगतो. कोणाशी खटकल्यामुळे जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात एकशिक्षकी शाळेवर जावे लागले, हे कोणत्याही सेवा पुस्तकात नसते.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुने हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि शेरेबुक पाहावे. हजेरीपटावरील अक्षर ओळखता येते. महिनाअखेरीची बेरीज, लाल शाईने ओढलेली रेघ, गैरहजर मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेले ‘सुगी’ किंवा ‘आजारी’ यांतून शिकवणारा माणूस दिसतो. शेरेबुकात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचे मत असते, आणि ते नेहमीच अनुकूल असते असे नाही. प्रतिकूल शेराही उतरवून घ्यावा. निवृत्तीच्या वेळचे मानपत्र मात्र तारखेपुरतेच वापरावे. त्यातील ‘चंदनासारखे झिजले’ हे वाक्य तालुक्यातील प्रत्येक मानपत्रात आहे.

विद्यार्थ्यांना भेटल्यावर ‘गुरुजी कडक होते पण मायाळू होते’ हे उत्तर पहिल्याच मिनिटाला मिळते आणि त्याचा काही उपयोग नसतो. कडक म्हणजे काय, हे खोदून विचारावे. प्रार्थनेच्या रांगेत नखे तपासत का? ‘सावधान-विश्राम’ पलटणीतल्यासारखे म्हणत का? मारत असत का, आणि कशाने? शिक्षण सोडलेल्या मुलाच्या घरी जात का? कोणत्या मुलाची भरतीच्या आधीची धाव त्यांनी पहाटे करून घेतली? नकाशावाचन शिकलेला हवालदार भूगोल शिकवताना वेगळे काय करतो, हे त्याच्या विद्यार्थ्यालाच सांगता येते. भूगोलाच्या तासाला मुलांना बाहेर नेऊन, सावलीवरून उत्तर दिशा शोधायला लावणारे एक गुरुजी मला ठाऊक आहेत. असा एक प्रसंग दहा स्तुतीपर वाक्यांपेक्षा जास्त जागा मागतो, आणि ती त्याला द्यावी.

घराचा भाग लिहिणे सर्वांत अवघड, कारण त्याचे कागदच नसतात. येथे केंद्रस्थानी आईला बसवावे. वडील पलटणीत असताना शेत कोणी पाहिले, सासू-सासऱ्यांचे दुखणे कोणी काढले, पोस्टमनकडून पैसे घेऊन अंगठा कोणी उठवला, लढाईच्या दिवसांत रेडिओ ऐकायला ती कोणाच्या घरी जाई, हे तिच्याच शब्दांत आणि तिच्याच बोलीत उतरवावे. बेळगावकडच्या मराठीत कन्नडचे शब्द मिसळलेले असतील तर ते पुसून प्रमाण मराठी करू नये. पेन्शनीत येताना हाती आलेल्या रकमेचे काय झाले, हेही विचारावे. विहीर, मंगलोरी कौलांचे घर, बहिणीचे लग्न किंवा भावाचे कर्ज, यांपैकी ती रक्कम कशात गेली यावरून त्या कुटुंबाचा पुढचा तीस वर्षांचा इतिहास ठरलेला असतो. जमिनीचे उतारे काढल्यास अशा खरेदीचे साल मिळते.

अप्रिय गोष्टींचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. कॅन्टीनची रम, तापट स्वभाव, भावाभावांतील वाटणी, लेकीला दिलेले कमी शिक्षण. माझे मत असे की, आईसमोर मोठ्याने वाचता येईल इतके लिहावे आणि जे लिहिले नाही त्याच्या जागी खोटे लिहू नये. रजेवर येणारा आणि पंधरवड्याने पुन्हा जाणारा बाप मुलांना अनोळखी वाटतो, आणि पेन्शनीत आल्यावर घरातच परेड सुरू झाल्यासारखे होते, हे तर लपवण्यासारखेही नाही.

साहित्य जमले की पडताळणी. ऐकीव गोष्ट आणि कागद यांत तफावत पडल्यास दोन्ही द्यावे आणि कोणते कशावरून, ते सांगावे. युद्धाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत होती. पण वडील जंगी पलटणीत होते म्हणून त्या दिवशी जमालपुरातच होते असे होत नाही. ते रजेवर, कोर्सवर, इस्पितळात किंवा सेंटरवर उस्ताद म्हणूनही असू शकतात. पूर्वी स्टार, डिस्चार्ज बुक आणि बरोबरीच्या सैनिकाचे कथन या तिन्हींचा मेळ बसला तरच ‘होते’ असे लिहावे. एरवी ‘त्या काळात त्यांची पलटण तेथे होती’ एवढ्यावर थांबावे.

लिहिताना वर्षांचा क्रम धरावा आणि प्रत्येक टप्प्याला त्याच्या वाट्याची पाने द्यावीत. चाळीस-पन्नास पाने पुरेशी होतात. छायाचित्रांमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने नव्हे, आणि मूळ कागदांना लॅमिनेशन करू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही आणि कागद आतच काळवंडतो. मूळ कागद जाड कागदी पाकिटांत, जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात ठेवून दर पावसाळ्यानंतर एकदा वारा द्यावा. छापील प्रतीत किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या फाइलमध्ये पीपीओ क्रमांक, बँकेचे खाते, आधार आणि ओळखपत्राची छायाचित्रे घालू नयेत, कारण आईचे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच क्रमांकांवर चालू असते आणि फसवणूक करणारे नेमके तेच शोधत असतात.

पुस्तिकेच्या अखेरीस दोन पानांचा कन्नड सारांश जरूर जोडावा. वडिलांचे निम्मे सहकारी कन्नड होते, आणि बेंगळूर-धारवाडला वाढणाऱ्या नातवंडांपैकी काहींना मराठी बोलता येते पण सराईत वाचता येत नाही. पहिली छपाई वीस-पंचवीस प्रतींचीच करावी आणि वर्षश्राद्धाला जमलेल्या नातेवाइकांना, पलटणीतल्या सोबत्यांना व शाळेतील सहकाऱ्यांना देऊन चुका मागवाव्यात. चुका येतातच, विशेषतः आत्यांकडून. दोन-तीन महिन्यांत आलेल्या दुरुस्त्या तपासून पक्की प्रत छापावी आणि तिची एक प्रत शाळेला, एक गावच्या वाचनालयाला द्यावी.